कापराची होडी आणि मिठाची चिमूट

देवघरातल्या डबीतून कापराचा एक लहानसा तुकडा घ्या. ज्वारीच्या दाण्याच्या निम्मा असला तरी पुरे. स्वच्छ घासलेल्या थाळीत पाणी घेऊन तो तुकडा पाण्यावर अलगद सोडा. तो स्वस्थ बसणार नाही. गिरक्या घेईल, थाळीच्या काठापर्यंत धावेल, वळून परत येईल, मध्येच थबकेल आणि पुन्हा निघेल. कोणी फुंकर घातलेली नाही, थाळी कोणी हलवलेली नाही. घरातले एखादे पोर हे पाहील आणि विचारील, "याला पळवतंय कोण?" वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर देताना जरा जपून बोला. मी जपून बोललो नव्हतो. ती हकीकत आधी सांगतो.

मी हडपसरला एका महाविद्यालयात गणित शिकवतो. मांजरी, फुरसुंगी, लोणी या बाजूंनी मुले येतात. काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका शाळेने विज्ञान प्रदर्शनासाठी मला पाहुणा म्हणून बोलावले. प्रदर्शनात नेहमीचे सगळे होते : ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचनाचा देखावा. एका कोपऱ्यात नववीतली एक मुलगी परातीत पाणी घेऊन बसली होती. जुन्या पोस्टकार्डाची बोटभर होडी, तिच्या मागच्या टोकाला खाच, आणि खाचेत कापराचा खडा. होडी परातीत सुरेख फिरत होती. मुलीने विचारले, "सर, ही का चालते?" मी पाहुणा, हार गळ्यात. क्षणाचाही विचार न करता सांगून टाकले, "कापराची वाफ मागे जाते, म्हणून होडी पुढे जाते. न्यूटनचा तिसरा नियम. अग्निबाण असाच उडतो."

मुलगी काही बोलली नाही. तिने शेजारच्या वाटीत करंगळी बुडवली. वाटीत गोडेतेल होते. ती करंगळी तिने परातीच्या कडेला पाण्याला नुसती टेकवली. होडी जागच्या जागी उभी राहिली. मग ती म्हणाली, "सर, कापूर तर तसाच आहे. तेलाने वाफ थोडीच थांबते?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवशी घरी येऊन मी शोधायला लागलो आणि कापरापासून निघून पुढे जिथे पोचलो तिथली गोष्ट मला आपल्याला सांगायची आहे. ती आहे आपोआप धावणाऱ्या कणांची. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, माणसाने बनवलेले, रासायनिक क्रियेच्या जोरावर पाण्यात पोहणारे कण. त्यांचा इतिहास तसा तोकडा आहे, वीस-पंचवीस वर्षांचा. पण मौज अशी की, माझ्याकडून परातीजवळ जी चूक झाली तिच्याच जातीच्या चुका या इतिहासात मोठमोठ्या प्रयोगशाळांतून झाल्या, आणि त्या उघडकीला आल्या त्याही करंगळीभर तेलासारख्याच साध्या गोष्टींनी.

आधी कापराचा निकाल लावू. पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो. नांगी न बुडवता पाण्यावर चालणारे किडे आपण विहिरीत पाहिलेले असतात, ते याच ताणावर उभे असतात. कापूर पाण्याला लागला की त्याचा अगदी पातळ थर भोवती पसरतो आणि तिथला ताण कमी होतो. होडीच्या मागे कापूर, म्हणून मागे ताण कमी; पुढे स्वच्छ पाणी, म्हणून तिथे ताण जास्त. ही रस्सीखेच आहे, आणि मागच्या गड्यांनी दोर सैल सोडला आहे. होडी मागून ढकलली जात नाही, पुढून ओढली जाते. तेलाचे बोट लागले की तेल क्षणात सगळ्या पाण्यावर पसरते, पुढचा ताणही उतरतो, दोन्ही बाजू सारख्या होतात आणि होडी थांबते. नुसता गोल तुकडा सोडला तरी तो धावतो, कारण तो कुठेच काटेकोर गोल नसतो. एका बाजूने थोडा अधिक विरघळतो आणि तेवढे अंतर त्याला पुरते.

होडी थांबवायला तेल किती लागते? हा प्रश्न पोरकट वाटेल. पण तो १८९० साली इंग्लंडात लॉर्ड रेली यांनी विचारला, आणि हे गृहस्थ पुढे १९०४ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. त्यांनी अंघोळीचे एक मोठे पसरट पात्र पाण्याने भरले, त्यावर कापराचे कण सोडले आणि ऑलिव्हचे तेल तोलून मापून इतके थोडे टाकले की कापराचा नाच जेमतेम थांबावा. तेलाचे वजन ठाऊक, पात्राचे क्षेत्रफळ ठाऊक. भागाकार केला की थराची जाडी मिळते. ती निघाली मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दीड-दोन पट. तेलाच्या एका रेणूच्या लांबीच्या आसपासची ही जाडी. त्या काळी अणू-रेणू खरोखर असतात की केवळ हिशोबाची सोय आहे, यावर भले भले विद्वान भांडत होते. आणि इथे कापराच्या नाचाने रेणूच्या मापाचा अंदाज हाती दिला होता.

पुढच्याच वर्षी, १८९१च्या जानेवारीत, रेली यांना जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावाहून एका अनोळखी बाईंचे पत्र आले. आग्नेस पॉकेल्स त्यांचे नाव. त्या काळच्या रीतीप्रमाणे विद्यापीठाचे दार त्यांना बंद होते. घरात आईवडिलांचे आजारपण, स्वयंपाकघर त्यांच्याकडे. पाण्यावर चिकटपणा, तेल, साबण यांचा परिणाम काय होतो हे त्यांनी घरच्या घरी पत्र्याच्या एका साध्या पन्हाळीत वर्षानुवर्षे मोजले होते. रेली यांचा मोठेपणा असा की, ते पत्र त्यांनी भाषांतर करवून 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवले आणि मार्च महिन्यात ते छापून आले. त्या पन्हाळीची सुधारलेली भावंडे आजही प्रयोगशाळांतून वापरात आहेत. शिक्षक वाचकांना एवढेच सुचवतो की, वर्गात रेली सांगाल तेव्हा पॉकेल्सबाईंनाही सांगा.

कापराचा प्रयोग जुना म्हणून अडगळीत गेला असेल असे वाटेल. पण तसे झालेले नाही. आपल्या पवईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक परमानंद आणि त्यांचे विद्यार्थी कापूर मुरवलेल्या कागदी पट्ट्या पाण्यावर ठेवतात. पट्टीचे एक टोक खिळलेले असते, म्हणून ती धावत सुटण्याऐवजी घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. अशा दोन पट्ट्या जवळ आणल्या की एकमेकींना न शिवता त्यांची गती जुळते. एकीने पाण्यावर सोडलेला कापूर दुसरीला जाणवतो, बस्स. हे काम २०१९ साली प्रसिद्ध झाले. भजनाला बसलेल्या दोन टाळकऱ्यांचा ठेका हळूहळू एक व्हावा तसा तो प्रकार आहे. लांब बसवले तर ज्याचा त्याचा ठेका वेगळा.

मात्र एक भेद ध्यानात ठेवा. कापूर पाण्यात पसरतो, हवेत उडून जातो. त्यात रासायनिक क्रिया काही घडत नाही. शिवाय तो पाण्याच्या वर तरंगतो. आता आपल्याला पाण्याच्या आत उतरायचे आहे, आणि तेही मिलिमीटरचा पाचशेवा भाग एवढे लहान होऊन. तिथली दुनिया निराळी आहे.

किती निराळी? आपण विहिरीत सूर मारून हातपाय हलवणे थांबवले तरी वेगाने पाच-दहा हात पुढे जातो. जिवाणूने शेपूट हलवणे थांबवले तर तो किती पुढे जाईल? एडवर्ड पर्सेल या अमेरिकी शास्त्रज्ञाने हा हिशोब आपल्या एका व्याख्यानात मांडला. ते व्याख्यान १९७७ साली छापले गेले. उत्तर असे : एका अणूच्या रुंदीइतकेही नाही. इतक्या लहान जिवाला पाणी पाण्यासारखे नसते, काकवीहूनही घट्ट असते. तिथे न्यूटनच्या नियमातला जडत्वाचा भाग जवळजवळ हिशोबातच येत नाही. पर्सेल यांनी शिंपल्याचे उदाहरण दिले. शिंपला झाकण उघडतो, मिटतो आणि समुद्रात पुढे सरकतो. तोच शिंपला जिवाणूएवढा केला तर उघडताना जितका एका बाजूला जाईल तितकाच मिटताना परत येईल. जन्मभर उघडमीट करूनही जागेवरच.

आणि त्यात पुन्हा धक्काबुक्की. १८२७ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात अखंड थरथरताना पाहिले. ते जिवंत नव्हते. दगडाची पूड टाकली तरी तशीच थरथरते. पाण्याचे रेणू सर्व बाजूंनी कणाला धडका देत असतात, त्याचा हा परिणाम आहे, हे गणित आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडले. जत्रेच्या गर्दीत सापडलेल्या माणसाला जसे कुठे जायचे ते आपल्या हाती राहत नाही, तशी कणाची गत. अशा ठिकाणी, हातपाय नसलेला, यंत्र नसलेला कण आपल्या बळावर पोहेल असे कोणाला वाटले नसते.

एक वस्तू मात्र आपल्या माहितीची आहे. जखम धुवायला औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. जखमेवर ओतले की फसफसते. रक्तातला एक पदार्थ त्याचे पाणी आणि प्राणवायू असे विघटन करतो. हेच काम प्लॅटिनम धातू करतो, स्वतः न झिजता. २००२ साली हार्वर्ड विद्यापीठात इस्मागिलोव्ह आणि व्हाइटसाइड्स यांनी सुमारे सेंटिमीटरभर आकाराच्या चकत्या केल्या, त्यांना प्लॅटिनमचा लहान तुकडा जोडला आणि त्या पेरॉक्साइडवर सोडल्या. बुडबुडे सुटले आणि चकत्या धावू लागल्या. इथे बुडबुडा मागे, चकती पुढे. माझा अग्निबाणाचा दाखला इथे चालला असता.

दोन वर्षांनी, २००४ साली, पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात आयुष्मान सेन, टॉमस मॅलूक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाच खेळ फार लहान मापावर केला. सेन हे मूळचे आपल्या इकडचे, कलकत्ता आणि कानपूर इथे शिकलेले. या मंडळींनी धातूच्या काड्या केल्या. लांबी मिलिमीटरचा पाचशेवा भाग, जाडी त्याच्याही पाचव्या हिश्शाहून कमी. काडीचे अर्धे अंग सोन्याचे, अर्धे प्लॅटिनमचे. पेरॉक्साइडच्या सौम्य द्रावणात त्या सोडल्या तर सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या दहापटीपर्यंत पळू लागल्या. आपली दहा मीटरची एस.टी. याच हिशोबाने पळाली तर सेकंदाला शंभर मीटर, म्हणजे तासाला ३६० किलोमीटर!

आता प्रश्न : या काड्यांना पळवतंय कोण? प्राणवायू प्लॅटिनमच्या टोकाला सुटतो. तो धक्का देत असेल तर काडी सोन्याचे टोक पुढे करून धावली पाहिजे. सूक्ष्मदर्शकात पाहिले तर नेमके उलटे. प्लॅटिनम पुढे, सोने मागे! म्हणजे अग्निबाण बाद. मग त्यांनी कारण सुचवले ते आपल्या कापराच्या भावकीतले होते : प्राणवायूमुळे काडीच्या पृष्ठभागालगतचा ताण दोन टोकांना वेगवेगळा होतो आणि काडी ओढली जाते. दिशा जमली, वेगाचा हिशोबही आसपास जमला. कोणाचेही समाधान व्हावे असे उत्तर.

पण तेही खरे निघाले नाही. दोन निरनिराळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि दोन्ही एका द्रावात बुडालेले, हे चित्र कशाचे, ते दहावीचा मुलगा सांगेल. विजेच्या घटाचे! प्लॅटिनमच्या टोकाला पेरॉक्साइडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि धातूतून सोन्याच्या टोकाकडे जातात. तिथे पेरॉक्साइड ते घेतो. सुटलेले धनभारित हायड्रोजनचे कण काडीच्या बाहेरून, पाण्यातून, त्याच दिशेने जातात आणि जाताना काडीला लगटून असलेले पाणी मागे सरकवतात. पाणी मागे, म्हणून काडी पुढे. दोर धरून हाताने मागे सारत सारत माणूस पुढे सरकतो ना, तसे. काडी म्हणजे स्वतःच्याच विजेवर चालणारी एक बॅटरी आहे. २००६ साली याच गटाने धातूंच्या निरनिराळ्या जोड्या घेतल्या, कोणता धातू ऋण आणि कोणता धन हे आधी मोजले आणि काडी कोणत्या टोकाने पुढे जाईल ते त्यावरून ताडून पाहिले. जमले. आणखी एक ताळा होता. बॅटरीच्या दोन टोकांत मिठाचे पाणी शिरले की ती आतल्या आत वाया जाते. द्रावणात मीठ टाकले; काड्या मंदावल्या.

इथवर प्रयोगांची कथा झाली. आता माझ्या विषयाकडे, गणिताकडे वळतो. कारण या कणांचा अर्धा इतिहास कागदावर घडला आहे. शास्त्रज्ञ ज्याला मॉडेल म्हणतात त्याला आपण प्रतिमान म्हणू. घर बांधण्यापूर्वी मिस्त्री जमिनीवर फक्कीने रेघा मारतो. त्या रेघांत विटा नसतात, चुना नसतो, पण दार कुठे आणि भिंत कुठे ते असते. प्रतिमान असेच. काय घ्यायचे यापेक्षा काय सोडायचे हे ठरवण्यात त्याचे शहाणपण.

२००५ साली रामिन गोलेस्तानियन हे मूळचे इराणी शास्त्रज्ञ आणि त्यांचे दोन सहकारी, लिव्हरपूल आणि अजदारी, यांनी कागदावर एक कण कल्पिला. साधा गोळा. धातूंची जोडी नाही, वीज नाही. गोळ्याच्या एका अंगावर क्रिया होते आणि तिथे एक पदार्थ तयार होतो. तो पदार्थ पाण्यात पसरतो, पण त्या अंगाशी दाट आणि दुसऱ्या अंगाशी विरळ राहतो. एवढ्याने गोळा चालेल का? ज्या पाण्यात एखादा पदार्थ एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ आहे, त्यात कण आपोआप सरकतात, हे रशियात डेर्यागिन यांनी १९४७ सालीच दाखवले होते. तिथे दाट-विरळ माणसाने बाहेरून करायचे. इथे गोळा आपले दाट-विरळ आपणच करत जातो, आणि स्वतःच्याच पायवाटेवर घसरत राहतो. लागणारी समीकरणे जुनीच होती. पदार्थ पसरण्याचे समीकरण उष्णता पसरण्याच्या समीकरणासारखेच, फूरिएच्या काळचे. संथ प्रवाहाचे समीकरण एकोणिसाव्या शतकातल्या स्टोक्सचे. दोन्ही मी फळ्यावर कितीदा लिहिली असतील! या दोघांना एकत्र बसवले की पोहणारा गोळा तयार होतो, हे काही मला कधी सुचले नव्हते.

दोन वर्षांत तो गोळा खराही झाला. २००७ साली इंग्लंडात हाउस आणि सहकाऱ्यांनी, त्यांत गोलेस्तानियनही होते, प्लास्टिकचे म्हणजे पॉलिस्टायरीनचे गोळे घेतले. व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून थोडा अधिक. प्रत्येकाच्या एका अर्ध्यावर प्लॅटिनमचा पातळ मुलामा दिला. पेरॉक्साइडमध्ये ते पोहू लागले, प्लास्टिकचे अंग पुढे करून. पण गर्दीतली धक्काबुक्की त्यांना सरळ जाऊ देत नाही. तीन-चार सेकंद गोळा एका रोखाने जातो. तेवढ्यात रेणूंच्या धडकांनी त्याचे तोंड फिरते आणि तो दुसरीकडे निघतो. बाजारातून रात्री उशिरा घरी निघालेल्या काही मंडळींची चाल आपण पाहिली असेल. पावले जोरात, दिशा मात्र दर चार पावलांना नवी. हे सगळे प्रतिमानाने सांगितल्याप्रमाणे. त्यातला एक हिशोब फार बोलका आहे. तोंड फिरायला लागणारा वेळ आकाराच्या घनावर अवलंबून असतो. गोळा दहा पटींनी लहान केला तर तो आपली दिशा हजार पटींनी लवकर विसरतो. मग त्याच्या पोहण्याचा उपयोग जवळजवळ संपतोच.

कागदाऐवजी गणकयंत्र वापरणारांची दुसरी वाट टोरांटोमध्ये रेमंड काप्राल यांनी पाडली. पाण्याच्या अब्जावधी रेणूंचा एकेक हिशोब ठेवणे कोणत्याही यंत्राला झेपणारे नाही. १९९९ साली मालेवानेत्स आणि काप्राल यांनी एक युक्ती काढली. जत्रेचे मैदान फक्कीने चौकोनांत आखले आहे असे समजा. माणसे आपापल्या वाटेने चालतात. ठरावीक वेळाने शिटी वाजते, आणि त्या क्षणी एका चौकोनात जेवढे असतील तेवढे आपापसांत दिशांची अदलाबदल करतात. मात्र चौकोनातल्या सर्वांची मिळून एकूण गती आणि ऊर्जा बदलू द्यायची नाही. एवढा एकच नियम, आणि त्यातून खऱ्या पाण्यासारखे वाहणारे पाणी यंत्रात तयार होते! या पाण्यात २००७ साली रुकनर आणि काप्राल यांनी दोन मणी जोडून केलेली जोडगोळी सोडली. एका मण्यावर क्रिया होते, दुसऱ्यावर नाही. ती पोहली. याच पद्धतीवर काप्राल यांच्याबरोबर स्निग्धा ठाकूर यांनी २०११ साली काम प्रसिद्ध केले. भोवतालचे पाणीच रासायनिक क्रियेत गुंतलेले असेल, इंधन पुन्हा तयार होत असेल, तर पोहणाऱ्याचे काय होते, हा त्यांचा विषय. पुढे त्या भोपाळच्या आयसर या केंद्रीय संस्थेत आल्या.

असा दोन्ही वाटांनी मेळ बसत आला होता आणि मंडळी निश्चिंत होती. मग २०१४ साली पुन्हा मीठ आले.

प्लास्टिक-प्लॅटिनमचा गोळा ही काही दोन धातूंची जोडी नाही. प्लास्टिकातून वीज जात नाही. म्हणजे बॅटरी नाही, आणि बॅटरी नसेल तर मिठाने फरक पडता कामा नये. एडिनबरोमध्ये ब्राउन आणि पून यांनी तरीही मीठ टाकून पाहिले. मिठाची अगदी थोडी मात्रा, आणि गोळे लक्षात येण्याइतके मंदावले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानेही तेच प्रसिद्ध केले, आणि हा दुसरा गट कोणाचा? एबन्स यांच्याबरोबर त्यात हाउस होते, लिव्हरपूल होते, आणि गोलेस्तानियनही होते. ज्यांनी विजेवाचूनचे प्रतिमान कागदावर रचले आणि प्रयोगाने उभे केले, त्यांनीच या गोळ्यांच्या बाबतीत त्यातली उणीव जगापुढे मांडली. मला स्वतःला या साऱ्या इतिहासातली ही जागा सर्वांत आवडते. आपले नाव ज्या स्पष्टीकरणाला चिकटले आहे त्याच्यावर आपणच मीठ टाकायचे, हे सोपे नाही. मी तर परातीजवळ हार सावरत उभा होतो.

मग एकाच धातूच्या टोपीत बॅटरी आली कुठून? सुचवलेले उत्तर असे. मुलामा सगळीकडे सारखा जाड बसत नाही. टोपीच्या शेंड्यावर जाड, कडेला पातळ. जाड भागावर क्रियेचा एक वेग, पातळ भागावर दुसरा. म्हणून टोपीच्या आतल्या आतच शेंड्यापासून कडेपर्यंत वीज खेळू लागते. प्रतिमानात टोपी सगळीकडे सारखी धरली होती. सोडायची म्हणून सोडलेली बाब नेमकी महत्त्वाची निघाली. या उत्तराने साऱ्यांचे समाधान झाले असे मात्र नाही. या गोळ्यांत विजेचा वाटा किती आणि साध्या दाट-विरळाचा किती, हा वाद त्यानंतरही चालूच राहिला.

म्हणाल, मिठाचा एवढा काथ्याकूट कशाला? तर वर्तमानपत्रांत आपण वाचले असेल : "रोगावर चालून जाणारे सूक्ष्म यंत्र", "रक्तातून औषध नेणारे रोबो". कॅन्सरच्या रुग्णाच्या घरी असे कात्रण जपून ठेवलेले मी पाहिले आहे, म्हणून हे जरा स्पष्ट लिहितो. गावच्या दवाखान्यात टांगलेली सलाईनची बाटली पाहा. तिच्यात एका लिटरला नऊ ग्रॅम मीठ असते, कारण आपले रक्तही सुमारे तितकेच खारट. आणि हे विजेवर पोहणारे कण त्याच्या किती तरी कमी मिठाने थकतात. शिवाय त्यांचे इंधन पेरॉक्साइड. ते जखमेवर ठीक, शिरेतून नव्हे. म्हणून संशोधक आता दुसऱ्या वाटा चोखाळत आहेत. शरीरातच असलेल्या युरियासारख्या पदार्थावर, विकरांच्या म्हणजे एन्झाइमांच्या मदतीने चालणारे कण काहींनी केले आहेत. काहींनी रसायन सोडून चुंबकाचा हात धरला. अंबरीश घोष यांनी पीअर फिशर यांच्याबरोबर २००९ साली हार्वर्डमध्ये काचेचे सूक्ष्म मळसूत्र केले, त्याला चुंबकी मुलामा दिला आणि बाहेरून चुंबकाने फिरवून पाण्यात चालवले. पुढे ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत हे काम करू लागले. मळसूत्र फिरताना मागे-पुढे सारखे नसते, म्हणून पर्सेलच्या शिंपल्याची अडचण त्याला येत नाही. पण दुकानात मिळणारे औषध या वाटेवर अजून बरेच दूर आहे, आणि ते कात्रण जपणाऱ्यांना कोणी तरी हे सांगायला हवे.

त्याच बंगळूरच्या संस्थेत श्रीराम रामस्वामी यांनी असल्या कणांच्या जमावाचे गणित केले आहे. एक कण समजणे निराळे आणि लाखभर कण समजणे निराळे. प्रत्येक कण भोवती काही सोडतो, दुसऱ्याने सोडलेल्याकडे वळतो किंवा त्यापासून पळतो. सुरोप्रिया साहा, गोलेस्तानियन आणि रामस्वामी यांनी २०१४ सालच्याच एका निबंधात दाखवले की, नियमांत थोडा फरक केला तर हा जमाव कधी गोळा होऊन बसतो, कधी ताऱ्याच्या आकारात रचला जातो, तर कधी एकत्र येणे आणि विखुरणे असे हेलकावे घेत राहतो. पवईच्या दोन कागदी पट्ट्या आठवतात ना? त्यांचेच हे मोठे कुटुंब म्हणा.

शिक्षकांसाठी दोन शब्द. प्रयोग करताना थाळी आधी साबणाने घासली असेल तर शेवटी भरपूर पाण्याने धुवा. साबणाचा अंश राहिला की कापूर हलत नाही. तुकडा चिमट्याने सोडा, बोटांचे तेलही त्याला थांबवते. आणि कापूर पोटात गेला तर विषारी आहे, तेव्हा लहान मुलांच्या हाती डबी देऊ नका.

पुढल्या वर्षी त्याच शाळेने मला पुन्हा बोलावले. ती मुलगी दहावीत गेली होती. तिला मी रेलींच्या तेलाची, पॉकेल्सबाईंच्या पन्हाळीची, सोन्या-प्लॅटिनमच्या काड्यांची आणि मिठाची सगळी हकीकत सांगितली. तिने नीट ऐकून घेतले आणि विचारले, "सर, मग पाण्यात मीठ टाकलं तर माझी होडी थांबेल का?"

मी परात मागवली. कोणी तरी खिचडीच्या स्वयंपाकातून वाटीभर मीठ आणले. तिने ते पाण्यात टाकून ढवळले, पाणी निवळू दिले आणि होडी सोडली. होडी थांबली नाही.

"मग ही वीज नाही," ती म्हणाली, आणि वहीत लिहायला बसली.